खडीसाखर आणि तीनशे तास

आमच्या ऑफिसात दोन कपाटं आहेत. एकात विद्यार्थ्यांच्या फायली असतात, त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. दुसऱ्यात चहा, साखर आणि कप असतात, त्याला कुलूप नाही. गंमत अशी की फायलीत जे लिहिता येत नाही, ते सगळं लोक दुसऱ्या कपाटापाशी उभं राहून सांगून जातात. एकोणीस वर्षं झाली. पहिल्या कपाटातल्या जुन्या फायली रद्दीत जातात, दुसऱ्यातलं मात्र काही जात नाही. साचतच राहतं.

कॉलेज म्हणजे छावणीकडच्या एका जुन्या चर्चच्या आवारातली बैठी इमारत. इथं एक पदवी मिळते, तिचं नाव सांगितलं की रिक्षावालासुद्धा मागं वळून बघतो. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र, दोन्ही एकत्र, तीन वर्षांचं एम.ए. मी चिकलठाण्याची, घरात खंडोबा, आणि या पदवीच्या सगळ्या अटी मला तोंडपाठ. नियमावली मीच टाइप केलीय. मुलं मला तोंडावर शोभाताई म्हणतात आणि पाठीमागं 'अटी लागू'. मला दोन्ही चालतं.

* * *

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. एकदा पैठण रोडकडचे एक गृहस्थ तिशीतल्या मुलाला घेऊन आले. मी त्यांना अटी वाचून दाखवल्या. बी.ए.ला मानसशास्त्र हवं, मार्क हवेत, पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, नाहीतर समाजातल्या जबाबदार माणसाचं शिफारसपत्र हवं.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या ताई. याला पास करायचाच नाय. निस्ता आत घेऊन ठेवा. डोकं ठिकाणावर आलं की फोन करा, मी येऊन घिऊन जातो."

मुलगा टेबलाजवळ सरकला. तो म्हणाला, "ताई, माझं बी.ए. नाय झालं. यांचं झालंय. अ‍ॅडमिशन यांनाच द्या."

* * *

शिफारसपत्रांची तर वेगळी फाईल करायला हवी. बहुतेकांत तेच ते असतं, उमेदवार सद्वर्तनी आहे वगैरे. एका पाळकांनी मात्र खरं लिहिलं होतं. "उमेदवार दर रविवारी न चुकता चर्चला येतो आणि प्रवचन सुरू होताच झोपतो. मानसशास्त्रात यावर काही असल्यास अवश्य शिकवावे."

मी ते पत्र घेऊन ग्रेस मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. अंगानं बारीक, केस पांढरे, साडी कॉटनची, आणि गळ्यात पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यात असतं तसं स्टॉपवॉच. ते कशासाठी, ते पुढं येईलच. मला वाटलं, आता हा अर्ज बाद.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "घ्या याला," म्हणाल्या. "निदान याला उपदेशाची सवय तरी लागली नसेल."

* * *

आमच्याकडे धर्मशास्त्राचे चार पेपर सक्तीचे आहेत. कोणालाही सूट नाही. उस्मानपुऱ्याची विशाखा अर्ज घेऊन आली तेव्हा मी तिला हे आधीच सांगितलं. घरी बुद्धवंदना, बी.ए.ला मानसशास्त्रात पहिली. ती म्हणाली, "बाबांना विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः आले. "जय भीम ताई. चार पेपर आहेत म्हणता? शिकेल. तिला शिकायला कशाचीच मनाई नाही. फक्त नापास व्हायची मनाई आहे."

पहिल्याच परीक्षेत प्रश्न आला. बायबलमध्ये एक जुनी गोष्ट आहे, एका भल्या माणसावर संकटांमागून संकटं कोसळतात आणि त्याचे मित्र त्याचं सांत्वन करायला येतात. तर त्या मित्रांचं काय चुकलं? वर्गात सहाजण पाळक. त्यांनी पुरवण्यावर पुरवण्या मागितल्या. विशाखानं तीन ओळी लिहिल्या. "सात दिवस ते नुसते त्याच्याजवळ बसून राहिले. तोवर बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं."

तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. पुढच्या परीक्षेच्या आधी सहाही पाळक तिच्या नोट्सची झेरॉक्स काढायला रांगेत उभे होते.

* * *

आता स्टॉपवॉच. पदवीची सगळ्यात अवघड अट पेपरांची नाहीच, तासांची आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं खऱ्या, अडचणीत असलेल्या माणसांबरोबर तीनशे तास बसायचं. तास पन्नास मिनिटांचा. समोरच्याची परवानगी घेऊन त्याचं रेकॉर्डिंग करायचं. मॅडम ते ऐकतात आणि विद्यार्थी बोलायला लागला की स्टॉपवॉच दाबतात. पन्नासपैकी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोललात तर तो तास धरायचा नाही. रेकॉर्डिंगमध्ये काय असतं ते मला कधी कळत नाही, कळूही नये. माझ्या रजिस्टरमध्ये फक्त मिनिटं येतात.

डॅनियल पास्टर गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले पाळक. वय चौपन्न, उंचेपुरे, आवाज असा की त्यांच्या चर्चला माइक लागत नाही. आयुष्यभर बोलत आलेला माणूस. त्यांचा पहिला तास ऐकून मॅडम बाहेर आल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

"पास्टर, तुम्ही शेहेचाळीस मिनिटं बोललात."

"व्हय मॅडम. मानूस लई दुःखी व्हता."

"उरलेल्या चार मिनिटांत दोन मिनिटं तो खोकलाय. दोन मिनिटं नुसता पंखा ऐकू येतोय."

पास्टरांनी मान खाली घातली. "पंखा बंद करायला पाह्यजे व्हता, मॅडम."

पहिलं वर्ष संपलं तेव्हा रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं होतं, बसलेले तास सत्तावन्न, धरलेले तास अकरा. तरी हा माणूस रोज सकाळी दारात उभा राहून "सलाम शोभाताई" म्हणायचा आणि आत जाऊन पुन्हा नापास होऊन यायचा.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रवेशअर्जात एक रकाना असतो, 'ही पदवी का हवी?' लोक त्यात पानभर लिहितात. पास्टरांनी चारच शब्द लिहिले होते. "तीन वर्षं उशीर केला."

मी विचारलं, अर्जाला का?

तेव्हा त्यांनी चहाच्या कपाटाला टेकून सांगितलं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांत, मार्था नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. सारखी हात धुवायची, कातडी निघेपर्यंत. तिचे वडील याकोब तिला पास्टरांकडं घेऊन आले. पास्टर म्हणाले, विश्वास कमी पडतोय. मग उपास झाले, प्रार्थना झाल्या, पास्टरांचं बोलणं तर चालूच होतं. असं तीन वर्षं. शेवटी मार्थाची मावशी तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात आली. औषधं सुरू झाली, बोलून करायचे उपचार सुरू झाले, आणि सहा महिन्यांत मुलगी शिवणाच्या मशीनवर बसायला लागली.

पास्टर त्या डॉक्टरांना भेटायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "पास्टरसाहेब, प्रार्थना करायचीच होती. फक्त ती इकडं येणाऱ्या एसटीत बसून करायची होती."

तेव्हापासून याकोब पास्टरांशी एक शब्द बोलले नव्हते. चर्चला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाला पास्टरांनी हात वर केला की उठून जायचे.

मला त्या दिवशी या माणसाचा राग आला आणि त्याच चहाच्या कपात मायाही आली. गावच्या मंडळीनं चर्चमागची सामानाची खोली रिकामी केली होती. पास्टर शिकून आले की तिथं लोकांचं ऐकायला बसणार, कारण सगळ्या पट्ट्यात असं बसणारं दुसरं कोणी नव्हतं. रजा तीन वर्षांची, तिसऱ्या वर्षीच्या तीस एप्रिलला संपणारी. तोवर तीनशे तास झाले नाहीत तर पदवी नाही. पदवी नाही तर खोलीला कुलूप.

* * *

आणखी एक अट अशी की विद्यार्थ्यानं स्वतःही चाळीस तास दुसऱ्या समुपदेशकासमोर बसायचं. स्वतःचं मन मोकळं करायचं. ज्याला दुसऱ्याचं ऐकायचंय त्यानं आधी स्वतः बोलून बघावं, असं मॅडमचं म्हणणं.

पास्टरांना शहरातली एक समुपदेशक नेमून दिली. अठ्ठावीस वर्षांची, हुशार. पहिल्या तासानंतर तिचा मॅडमना फोन आला. मी समोरच बसले होते.

"मॅडम, मी त्यांना विचारलं, कसे आहात? ते म्हणाले, मी बरा हाय, पण पोरी, तुझे डोळे का सुजलेत? मॅडम, माझी आई दवाखान्यात आहे. मी पाऊण तास बोलले. मला फार बरं वाटलं. पण तास कोणाचा धरायचा?"

मॅडम म्हणाल्या, "तुझा. आणि त्यांना सांग, पुढच्या वेळी डोळे मिटून बसा म्हणावं."

* * *

दुसऱ्या वर्षी विशाखाला वाळूजच्या एका कारखान्यात पाठवलं. आठवड्यातून दोन दिवस तिनं कामगारांना भेटायचं. कारखान्यानं तिला स्टोअरशेजारी खोली दिली, टेबल दिलं, आणि पहिल्याच दिवशी तिथले प्रॉडक्शनचे साहेब वही घेऊन आले.

"मॅडम, तासाला किती पीस?"

"एक."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "एकच? आणि रिजेक्शन?"

"रिजेक्शन कोणाचंच नाही सर. रिवर्क सगळ्यांचं."

साहेब वही मिटून निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. या वेळी वही नव्हती. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "माझा नंबर लागेल का?"

* * *

पास्टरांवर उपाय कोणी शोधला असेल तर त्यांनी स्वतःच. एके दिवशी ते गुलमंडीवरून खडीसाखरेची पुडी घेऊन आले. तास सुरू झाला की एक मोठा खडा तोंडात टाकायचा. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. विरघळला की दुसरा.

पहिल्या दिवशी मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकून मला आत बोलावलं, पास्टरांनाही बोलावलं. कपाळाला आठी.

"मिनिटं सव्वीस, तास धरता येणार नाही. तरी कमी झालीत. पण मधे सारखा कडाकड आवाज येतोय. हे काय आहे?"

पास्टर गोरेमोरे झाले. "मॅडम, उपदेश चावला."

मी हसत सुटले. मॅडमही हसल्या असाव्यात, कारण त्या भिंतीकडं तोंड करून बराच वेळ कॅलेंडर बघत होत्या, आणि ते मागच्या वर्षीचं होतं.

महिनाभरात चावायचं थांबलं. सव्विसाची एकोणीस झाली, एकोणिसाची बारा. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं आकडे चढू लागले. ऐंशी, दीडशे, दोनशे दहा. वाळूजवरून शिफ्ट संपवून लोक थेट यायचे आणि विचारायचे, "ते खडीसाखरवाले सर आहेत का?" पास्टर आता समोरच्यालाही एक खडा द्यायचे. प्रवेशापासून त्यांना पाहिलेली मी. रोज एक आकडा लिहिताना मला माझाच मुलगा पास होतोय असं वाटायचं, आणि ते माझ्यापेक्षा वयानं मोठे होते.

* * *

तीस एप्रिल उजाडला. रजिस्टरमध्ये दोनशे नव्व्याण्णव. एक तास बाकी, आणि तोही ठरलेला होता. चार वाजता वाळूजचा एक कामगार येणार होता, पास्टरांकडं बरेच महिने येणारा. काळजीचं कारण नव्हतं. मी पेढ्यांचा डबासुद्धा आणून ठेवला होता.

पावणेचारला दारात एक म्हातारा उभा. डोक्याला उन्हाचा टॉवेल, हातात दवाखान्याची पिशवी.

"डॅनियल पास्टर हितंच का? सांगा, याकोब आलाय. पोरीची औषधं न्यायला आलो व्हतो. ऐकलं की ते गावाकडं परत येऊन ऱ्हायलेत. त्याच्या आधी मला बोलायचंय."

मी घड्याळ बघितलं. नियम क्रमांक अकरा, मीच टाइप केलेला. ओळखीच्या माणसाबरोबरचा तास धरला जाणार नाही.

पास्टर बाहेर आले. याकोबांना बघून जागीच थांबले. मी त्यांना बाजूला घेतलं. "पास्टर, चारचा माणूस येईल. हा तास धरता येणार नाही. यांना पाचला बसवा."

"शोभाताई," ते म्हणाले, "ह्या मानसाला म्या तीन वर्षं थांबवलंय. आता नाय. चारच्याला विशाखाकडं द्या."

दोघं आत गेले. दार लागलं. रेकॉर्डिंग नाही, स्टॉपवॉच नाही. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. एकदाच याकोबांचा चढलेला आवाज व्हरांड्यापर्यंत आला. पास्टरांचा आवाज मात्र शेवटपर्यंत आला नाही, आणि तो आवाज भिंतीनं अडत नाही हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे.

चारला कामगार आला. विशाखा त्याला घ्यायला गेली, तर तो बाकावरून उठेना. "नको मॅडम, राग मानू नका. मी थांबतो. मधेच ऑपरेटर बदलला की पीस बिघडतो."

पावणेपाचला याकोब बाहेर आले. डोळे लाल. त्यांनी कोणाकडंही बघितलं नाही. माठातलं पाणी प्याले, पिशवी उचलली आणि निघून गेले. मागून पास्टर आले, तोंड धुतलं, पाच मिनिटं झाडाखाली उभे राहिले. मग बाकावरच्या माणसाला म्हणाले, "या."

पाचला तास सुरू झाला. माझं रजिस्टर साडेपाचला बंद होतं. एकोणीस वर्षांत ते कोणासाठीही उघडं राहिलेलं नाही. सहा वाजता ऑफिसच्या शिपायानं विचारलं, "ताई, कुलूप लावायचं ना?"

मी नियमावली काढून त्याच्यापुढं धरली. "वाच. 'साडेपाचच्या आत सुरू झालेले तास त्या दिवशीच्या खात्यात धरावेत.' कधी संपलेले, ते लिहिलंय का कुठं?"

"हे कोणी लिवलं?"

"मीच. चहा टाक."

मॅडमनी आपल्या खोलीत बसून पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकलं. विशाखा, मी आणि शिपाई दाराबाहेर उभे. पास्टर लांब, चर्चच्या पायरीवर. मॅडम बाहेर आल्या, स्टॉपवॉच गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं. काटा तीन मिनिटांवर थांबला होता. मी तीनशे हा आकडा लिहिला आणि त्यांनी पुढं सही केली.

मग त्या पायरीपर्यंत चालत गेल्या. तीन वर्षांत ज्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाला नव्हता त्या मॅडम म्हणाल्या, "पास्टर, आता थोडं बोललात तरी चालेल."

* * *

मे महिन्यात पदवीदान झालं. पाहुण्यांनी पास्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. पास्टर म्हणाले, "धन्यवाद. बसतो." टाळ्या थांबेनात. विशाखाच्या बाबांनी तर उभं राहून वाजवल्या, कारण त्यांची मुलगी पहिली आली होती आणि धर्मशास्त्राच्या चारही पेपरांत पाळकांच्या पुढं होती.

दुसऱ्या दिवशी विशाखा आणि मी पास्टरांना सोडायला बसस्टँडवर गेलो. एक ट्रंक, पुस्तकांच्या दोन पिशव्या, पदवीची गुंडाळी. लग्नसराई होती. गंगापूरची गाडी फलाटाला लागायच्या आत लोकांनी खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या टाकून जागा धरल्या. पास्टर मागंच राहिले. म्हणाले, "जाऊ द्या ताई, उभ्यानं जाईन."

आम्ही ट्रंक चढवत होतो तेव्हा आतून कंडक्टरचा आवाज आला.

"ओ काका, टावेल उचला. हितं मानसं उभी हायेत."

"मानूस हाय."

"कुठं हाय मानूस?"

मी खिडकीतून बघितलं. तिसऱ्या बाकावर याकोब बसले होते, काल पदवीदानाला शेवटच्या रांगेत दिसले होते त्याच सदऱ्यात. शेजारच्या जागेवर त्यांचा टॉवेल पसरलेला. त्यांनी खिडकीबाहेर, पास्टरांच्या दिशेनं, नुसती हनुवटी उडवली.

पास्टर गर्दीतून वाट काढत आत गेले. याकोबांनी टॉवेल उचलला, घडी घालून मांडीवर ठेवला. पास्टर बसले. 

गाडी फाटकापाशी वळायला थांबली तेव्हा ती खिडकी पुन्हा आमच्या समोर आली. पास्टरांनी खिशातून पुडी काढली, एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि पुडी शेजारी धरली. याकोब बराच वेळ पुडीकडं बघत राहिले. मग त्यांनी एक खडा उचलला.